‘ळ’ नसलेल्या प्रदेशातील खळखळ

मराठी पाठ्यपुस्तकातील नदी बहुधा खळखळ वाहते, झरा झुळझुळतो आणि पिंपळाची पाने सळसळतात. या तिन्ही शब्दांचा प्राण ‘ळ’ या एका वर्णात आहे. तो काढून घेतला तर पाण्याचा ओघ आणि पानांची हालचाल त्या शब्दांतून निघून जाते, अशी प्रमाण मराठी बोलणाऱ्याची सहज भावना असते. आता हीच पाठ्यपुस्तके वैनगंगेच्या काठी उघडली जातात, तेव्हा एक विलक्षण परिस्थिती निर्माण होते. भंडारा जिल्ह्याच्या बोलीत, जिला आज झाडीबोली हे नाव रूढ झाले आहे, ‘ळ’ हा वर्णच नाही. डोळ्याचा तेथे ‘डोरा’ होतो, काळ्याचा ‘कारा’. मग वैनगंगा तेथे कशी वाहते?

प्रश्न वरवर थट्टेचा वाटेल. परंतु भाषाविज्ञानाच्या एका जुन्या आणि अद्याप न मिटलेल्या वादाचे टोक त्यात दडलेले आहे. जो शब्द निसर्गातील ध्वनीचे अनुकरण करतो, तो निसर्गाचा असतो की बोलणाऱ्याच्या जिभेचा? नदीने ‘ळ’ म्हटले आणि जिभेला ‘ळ’ येत नसेल, तर शब्द कोणाची आज्ञा पाळतो?

झाडीबोलीचा प्रदेश भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत पसरलेला आहे. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातूनच वेगळा झाला, त्यामुळे बोलीच्या दृष्टीने ही विभागणी केवळ प्रशासकीय होय. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्याचा मोठा भाग या बोलीच्या अभ्यासात आणि शब्दसंग्रहात घालविला. ण, छ, श, ष आणि ळ हे पाच वर्ण या बोलीत नाहीत, हे तिच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. पश्चिमेकडे वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, येथे त्याचा ‘र’ होतो. पूर्वेकडील छत्तीसगढी आणि उत्तरेकडील हिंदी यांना तर ‘ळ’ ठाऊकच नाही. म्हणजे मराठीचा हा खास वर्ण पश्चिमेकडून येता येता वैनगंगेपूर्वीच थांबतो. त्यात न्यून असे काही नाही. सीमेवरच्या भाषा अशाच एकमेकींत मिसळत जातात.

‘ळ’प्रमाणेच ‘ण’चीही गोष्ट आहे, आणि ती भंडारा शहराच्या संदर्भात अधिक मौजेची आहे. हे शहर पितळी भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे, गावाच्या नावाचा संबंधही स्थानिक लोक ‘भाना’ म्हणजे पितळेचे ताट या शब्दाशी जोडतात. पितळेचे भांडे चांगले आहे की नाही हे पाहण्याची रीत म्हणजे त्यावर बोटाने टिचकी मारून कान देणे. पुण्यातले भांडे अशा वेळी ‘खणखण’ वाजते. ‘खणखणीत’ हे विशेषण त्यातूनच आले आणि पुढे नाणे, आवाज, उत्तर, चारित्र्य अशा कशालाही लागू झाले. ज्या बोलीत ‘ण’ नाही तेथे भांडे ‘खनखन’ वाजणार. धातू तोच, मिश्रण तेच, ठोकाही तोच. मग अनुकरण कोणाचे खरे? प्रामाणिकपणे कान दिला तर पितळेचा नाद ‘ण’पेक्षा ‘न’ला अधिक जवळ आहे असे कोणी म्हटले तर त्याला खोडून काढणे सोपे नाही.

अनुकरणाच्या खरेखोटेपणाचा हा वाद आपल्याकडे फार प्राचीन आहे. यास्काने निरुक्तात कावळ्याच्या ‘काक’ या नावाचा विचार करताना ते ध्वनीचे अनुकरण आहे असे सांगितले आणि पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळदा आढळते, अशी जोडही दिली. औपमन्यव नावाच्या आचार्यांना मात्र ते मान्य नव्हते. शब्द ध्वनीच्या अनुकरणातून जन्मतच नाही, अशी त्यांची भूमिका. ‘काक’ म्हणजे ज्याला हाकलून लावायचे तो, अशी व्युत्पत्ती ते देत. धानाच्या वाळवणापुढे काठी घेऊन बसलेल्या म्हातारीला विचारले तर ती औपमन्यवांच्या बाजूने मत देईल हे निश्चित. विनोद बाजूला ठेवला तरी, या दोन मतांत पुढील सर्व चर्चेचे बीज आहे. एका मते शब्द बाहेरच्या जगातून येतो. दुसऱ्या मते तो भाषेच्या आतल्या व्यवस्थेतून येतो. पाणिनीने वाद न घालता व्यवहार पाहिला. अव्यक्त ध्वनीच्या अनुकरणातून बनणाऱ्या ‘पटपटा’सारख्या रूपांसाठी त्याने स्वतंत्र नियम दिले. म्हणजे अशा शब्दांना व्याकरण असते, हे त्याने गृहीत धरले.

मराठी व्याकरणाने मात्र या शब्दांना फार मानाची जागा दिली आहे असे म्हणता येत नाही. अभ्यस्त शब्दांचे पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक असे तीन प्रकार शाळेत शिकविले जातात, प्रत्येकी पाचसहा उदाहरणे पाठ होतात आणि प्रकरण संपते. कोशकारांची दृष्टी अधिक उदार होती. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशात, आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत अधिकच, असे शब्द मोठ्या संख्येने सापडतात; त्यांपैकी अनेकांपुढे ध्वनीचे अनुकरण अशी खूणही आहे. परभाषिक कानाला आपल्या भाषेतील ही समृद्धी आधी जाणवावी, यात आश्चर्य नाही. जे आपल्या श्वासाइतके सवयीचे असते ते आपण मोजत नाही. पुढे १९६९ मध्ये एमेनो यांनी या शब्दांवर स्वतंत्र निबंध लिहिला. द्वित्त होऊन येणारे असे अनुकरणवाचक शब्द आर्य, द्राविड आणि मुंडा या तिन्ही कुळांतील भाषांत सारख्याच थाटाने वावरतात, म्हणून ते भारत या एका भाषिक क्षेत्राचे लक्षण होय, असा त्यांचा सिद्धांत आहे. वेदकालीन भाषेत असे शब्द थोडे आहेत, नंतरच्या आर्यभाषांत ते वाढत गेले. ज्या जिल्ह्यात गोंडी ही द्राविड भाषा आणि मराठी शेकडो वर्षे एकाच बाजारात बोलल्या गेल्या, त्या जिल्ह्यात हा सिद्धांत केवळ ग्रंथातला राहत नाही.

या शब्दांचे व्याकरण किती सूक्ष्म असू शकते हे पाहायचे तर जपानीकडे वळावे लागते. जपानी विद्वानांनी आपल्या भाषेतील अशा शब्दांकडे कधी बालिश म्हणून पाहिले नाही. त्यांचे स्वतंत्र कोश आहेत. २००७ च्या अशा एका कोशात सुमारे साडेचार हजार नोंदी आहेत. हारुहिको किंदाइची यांनी १९७८ मध्ये त्यांचे पाच वर्ग सांगितले: निर्जीव वस्तूंचा ध्वनी, सजीवांचा आवाज, ज्यांना ध्वनीच नाही अशा अवस्था, सजीवांच्या हालचाली आणि मनाच्या किंवा शरीराच्या आतील संवेदना. पहिल्या दोन वर्गांना अनुकरण म्हणणे ठीक. परंतु उरलेल्या तिघांत अनुकरण कशाचे? चमकण्याला आवाज नसतो, तरी जपानीत तारा ‘किराकिरा’ चमकतो. दुखण्याला आवाज नसतो, तरी दात ‘झुकीझुकी’ दुखतो.

मराठी वाचकाला येथे थांबून हसू यावे, कारण हे सारे त्याच्या घरचेच आहे. त्याचा तारा लुकलुकतो, दिवा मिणमिणतो, सोने लखलखते आणि गळू ठसठसते. कातडी हुळहुळते, जखम चुरचुरते, छाती धडधडते, पोट मळमळते. मनाला हुरहुर लागते, एखाद्या गोष्टीची रुखरुख राहते, परीक्षेच्या निकालापूर्वी धाकधूक होते. ग्रामीण रुग्णालयात बाहेरगावचा तरुण डॉक्टर ‘कसे दुखते?’ म्हणून विचारतो, तेव्हा रोगी जे उत्तर देतो ते याच शब्दांत असते. ठणकणे, सलणे, चमक निघणे आणि ठसठसणे यांतला भेद ज्याला कळत नाही, त्या डॉक्टरच्या हातातून निदानाचा एक धागा सुटतो. हे शब्द अलंकारासाठी आहेत असे मानणाऱ्यांनी एकदा बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसावे.

शांततेची गोष्ट तर आणखी नवलाची. जपानीत पूर्ण शांततेला ‘शीऽन’ असा शब्द आहे. म्हणजे जेथे ध्वनी नाही त्याचेही ध्वनिरूप आहे. मराठीने हेच केले, पण स्वतःच्या पद्धतीने. ओसाड वाड्यात ‘शुकशुकाट’ असतो. ज्या ठिकाणी दबक्या आवाजात कोणाला ‘शुक शुक’ केले तरी ओ देणारा कोणी नाही, अशी कल्पना त्या शब्दात ऐकू येते. रान ‘किर्र’ असते, कारण माणसांचा आवाज थांबल्यावर रातकिड्यांचाच उरतो. आणि मग तो कानाचा शब्द डोळ्यांकडे जातो आणि अंधारही ‘किर्र’ होतो. झाडीच्या बोलीत ‘श’ नाही, म्हणून तिथला शुकशुकाट दंत्य ‘स’ने सुरू व्हायला हवा. शांततेला त्याने काही बाधा येत नाही.

जपान आणि भंडारा यांच्यात एक साम्य आहे आणि ते या विषयात महत्त्वाचे ठरते. दोन्हीकडे जीवन तांदळावर उभे आहे. शिजलेल्या भाताचे वर्णन करताना जपानी माणूस शिते सुटी असतील तर ‘पारापारा’ म्हणतो, चिकटून गोळा झाला असेल तर ‘बेताबेता’. मराठी गृहिणीचा भात ‘फडफडीत’ होतो किंवा ‘गिच्च’ होतो. पक्ष्याच्या पंखांची फडफड भाताच्या शितापर्यंत कशी आली याचा विचार केला तर ध्वनीपेक्षा सुटेपणाची, मोकळ्या हालचालीची कल्पना तिच्यामागे आहे असे दिसते. ‘पारापारा’ हाच शब्द जपानी माणूस तुरळक पडणाऱ्या थेंबांनाही लावतो. तेथेही सुटेपणच.

पावसाच्या शब्दांत हे साम्य फार खोल जाते. जपानीत पहिले विरळ थेंब ‘पोत्सुपोत्सु’, जमीन भिजविणारा शांत पाऊस ‘शितोशितो’, कोसळणारा ‘झाझा’. मराठीत टपटप, टिपटिप, भुरभुर, झिमझिम, रिपरिप, सरसर, धो धो. कवींनी झिमझिमला फार वापरून गुळगुळीत केले आहे, पण धानाच्या शेतकऱ्याला या यादीतील प्रत्येक शब्दाचा हिशेब वेगळा आहे. पऱ्हे टाकल्यानंतर भुरभुर पुरते. रोवणीला मात्र बांधीत पाणी साचलेले हवे, चिखल व्हायला हवा; तेथे भुरभुर काय कामाची? रिपरिप कित्येक दिवस चालली तर माणसाला कंटाळा येतो, पण बांधी भरत राहते, धुरे फुटत नाहीत. धो धो आला तर एका रात्रीत धुरा वाहून जातो आणि त्याबरोबर रोवलेले धानही. कोहळी समाजाने या भूभागात बांधलेले तलाव, ज्यांना पुढे मालगुजारी तलाव म्हटले गेले, आणि शेताशेतांतल्या लहान बोड्या या सर्व ‘धो धो’ला अडवून त्याची पुढे महिनाभर ‘रिपरिप’ करण्याच्या युक्त्या आहेत असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. ‘मुसळधार’ हा शब्दही येथे केवळ उपमा नाही. उखळातल्या धानावर मुसळ पडताना ज्याने ऐकले आहे त्याला त्या शब्दात ध्वनीही ऐकू येतो. भातगिरण्या आल्यावर तो ध्वनी घरांतून गेला आणि शब्दातून उपमा तेवढी उरली.

ध्वनी आणि अर्थ यांच्यातला हा संबंध भाषेच्या आत नियमाने बांधलेला असतो, हे दाखविण्यासाठी जपानी अभ्यासक एक नमुना नेहमी देतात. लहान वस्तू घरंगळते तेव्हा ‘कोरोकोरो’, मोठी व जड घरंगळते तेव्हा ‘गोरोगोरो’. अघोष वर्ण हलका, घोष वर्ण जड. मराठीजवळ अशा दोन पायऱ्या नाहीत, चार आहेत, कारण तिच्याजवळ महाप्राणही आहेत. कडकड, खडखड, गडगड, घडघड: वीज कडकडते, दगडधोंड्यांच्या वाटेवर गाडी खडखडते, ढग गडगडतात आणि पाठांतर पक्के असलेला विद्यार्थी घडाघडा म्हणून दाखवितो. स्वरांचीही अशीच उतरंड आहे. डोळ्यात कण गेला की किरकिर होते, बिजागरी करकरते, असंतुष्ट माणूस कुरकुरतो. ‘इ’ बारीक आणि टोचणारी, ‘अ’ मोकळा आणि मोठा, ‘उ’ घशात दबलेला. सपीर यांनी १९२९ मध्ये निरर्थक शब्दांवर प्रयोग करून ‘इ’चा संबंध लहानपणाशी व ‘आ’चा मोठेपणाशी लोक जोडतात असे दाखविले होते, मराठी बोलणाऱ्या कोणाही आजीने ते प्रयोगशाळेवाचून मान्य केले असते.

आता ‘ळ’कडे परत यावे. मराठीतील ध्वन्यनुकारी शब्दांत ‘ळ’ आणि ‘र’ यांच्या जोड्या लावून पाहिल्या म्हणजे या वर्णाचे महत्त्व ध्यानात येते. खळखळ पाण्याची, खरखर घशाची किंवा खडबडीत कापडाची. सळसळ पानांची, सरसर झाडावर चढणाऱ्याची. घळघळ अश्रूंची, घरघर जात्याची किंवा अखेरच्या श्वासाची. भळभळ रक्ताची, भरभर चालण्याची. हुळहुळ कातडीला, हुरहुर मनाला. चळचळा कापतात, चरचर फोडणी वाजते. सामान्यतः ‘ळ’ ओली, वाहती, अखंड क्रिया दाखवितो. ‘र’ घर्षणाची, त्वरेची किंवा कोरडी. ‘काळा’चा ‘कारा’ झाला तर ऐकणाऱ्याचा काही गोंधळ होत नाही, कारण तेथे ‘ळ’ स्वतः काही सांगत नसतो. परंतु ‘खळखळ’मध्ये ‘ळ’ हाच अर्थ आहे. तेथे नियम लागू झाला तर नदी आणि घसा एकच शब्द वापरू लागतील.

या ठिकाणी दोन पक्ष उभे राहतात. सोस्यूर यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे प्रतिपादन आहे की ध्वन्यनुकारी शब्द संख्येने अल्प असतात आणि एकदा भाषेत शिरल्यावर इतर शब्दांप्रमाणेच ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांना बळी पडतात. त्यांचे उदाहरण कबुतराचे आहे. लोकलॅटिनमधील ‘पीपिओ’ हा शब्द पिलाच्या चिवचिवाटावरून आला. फ्रेंचमध्ये त्याचे ‘पिझाँ’ झाले आणि त्यात पक्ष्याचा आवाज ऐकू येईनासा झाला. या पक्षानुसार झाडीची नदी ‘खरखर’ वाहू लागेल आणि लोक त्यातच पाणी ऐकू लागतील. दुसऱ्या पक्षाला जपानीचा इतिहास आधार देतो. प्राचीन जपानीतील ‘प’ हा वर्ण कालांतराने ‘फ’सारखा होत होत ‘ह’ झाला. चकाकण्याचे क्रियापद आज ‘हिकारु’ आहे. परंतु चकचकीत या अर्थाचा ध्वन्यनुकारी शब्द ‘पिकापिका’च राहिला. साऱ्या भाषेतून हद्दपार झालेल्या ‘प’ने या शब्दांत आश्रय घेतला. या पक्षानुसार, जी जीभ ‘डोरा’ म्हणते तीच जीभ पाण्यापुरता एखादा वेगळा ध्वनी राखून ठेवू शकेल.

परंतु जपानीतच तिसरी वाट आहे आणि तीच या प्रश्नावर सर्वाधिक प्रकाश टाकते. जपानीला ‘ळ’ नाही, ‘ल’ही नाही, एकच ‘र’सारखा वर्ण आहे. तरीही जपानी ओढा वाहतो आणि त्याचा शब्द आहे ‘सारासारा’. मराठी कानाला तो ‘सरसर’च्या जवळचा, म्हणजे कोरडा वाटेल, पण जपानी कानाला त्यात स्वच्छ, अडथळ्यावाचून वाहणारे पाणी ऐकू येते. मग खडबडीतपणासाठी त्यांनी काय केले? ‘स’चा घोष केला: खरखरीत पृष्ठभागाला ते ‘झाराझारा’ म्हणतात. मराठीने जो भेद शब्दाच्या शेवटच्या व्यंजनात, ‘ळ’ आणि ‘र’ यांच्यात ठेवला, तोच भेद जपानीने पहिल्या व्यंजनात ठेवला. भेद गमावलेला नाही, त्याची जागा बदलली आहे.

ही गोष्ट लक्षात घेतली की झाडीबोलीपुढे विचारण्याचा प्रश्न बदलतो. ‘हिला ळ नाही’ हे विधान अपुरे ठरते. ‘ळ’ने जो भेद केला असता तो ही बोली कोठे करते, हे शोधावे लागते. स्वर बदलून? पहिला वर्ण घोष किंवा महाप्राण करून? आवृत्तीऐवजी एकच दीर्घ उच्चार करून? की अनुकरणवाचक शब्दाशेजारी नेहमी एखादे विशिष्ट क्रियापद ठेवून? चार पायऱ्यांचा जिना आणि तीन स्वरांची उतरंड ज्या भाषेजवळ आहे, तिला एका वर्णाची उणीव भरून काढायला जागा पुष्कळ आहे. शेजारची हिंदी याला साक्ष आहे. तिच्या नदीने ‘ळ’च्या अभावी ‘कलकल’ पसंत केले आणि त्यावर तिच्या कवींनी कधी तक्रार केली नाही.

या सर्वांचा एक अगदी रोकडा परिणाम वर्गात होतो. समजा, लाखांदूर किंवा साकोलीकडच्या एखाद्या विद्यार्थ्याने निबंधात लिहिले की नदी खरखर वाहत होती. बाहेरून आलेला अध्यापक त्याखाली तांबडी रेघ ओढतो. प्रमाणलेखनाच्या दृष्टीने तो चुकत नाही, आणि परीक्षेत प्रमाणभाषा शिकवायची जबाबदारी त्याच्यावर आहेच. परंतु ‘कारा’खालची रेघ आणि ‘खरखर’खालची रेघ सारखी नाही. पहिल्या रेघेने विद्यार्थ्याला उच्चार बदलायला सांगितले जाते. दुसऱ्या रेघेने त्याला सांगितले जाते की तू जे ऐकलेस ते चुकीचे ऐकलेस. ज्या मुलाने नदी खरोखर ऐकली आहे, त्याला नदी न ऐकलेल्या पुस्तकाने दुरुस्त करावे, ही गोष्ट मराठीच्या विभागांनी गंभीरपणे घ्यायला हवी. असा विद्यार्थी पुढे सावध होतो. तो ‘नदी वाहत होती’ एवढेच लिहितो. रेघ येत नाही, पण वाक्यही राहत नाही. काही जण उलट टोकाला जातात आणि जेथे मुळात ‘र’ आहे तेथेही ‘ळ’ घालू लागतात. अतिशुद्धीचा हा प्रकार जगातल्या सर्व बोलीभाषकांना परिचित आहे.

पदव्युत्तर वर्गांना प्रबंधासाठी विषय हवे असतात आणि त्याच त्या कादंबऱ्यांच्या तौलनिक अभ्यासाने ग्रंथालयांची कपाटे भरली आहेत. हा विषय मात्र हाताशी असून अस्पर्शित राहण्याजोगा नाही. तथापि त्याची पद्धत नेहमीची चालणार नाही. शब्दांची यादी घेऊन ‘तुमच्याकडे खळखळीला काय म्हणतात?’ असे विचारत गेले तर समोरचा माणूस, शिकलेल्या पाहुण्याचा मान राखून, पाहुण्याचाच शब्द परत देईल. असे शब्द प्रश्नाला उत्तर म्हणून येत नाहीत, ते कामात असताना येतात. रोवणीच्या बांधीत, तलावाच्या तुडुममधून पाणी सोडताना, पितळ ठोकणाऱ्या कारागिराच्या शेजारी, आंधळगाव–मोहाडीकडच्या कोशाच्या मागावर धोटा इकडून तिकडे जात असताना, दंडारीची गोष्ट नातवाला सांगणाऱ्या म्हाताऱ्याजवळ बसून ते ऐकावे लागतील. यांपैकी प्रत्येक काम आज आक्रसत आहे. पितळेची जागा स्टीलने घेतली आणि स्टीलचे भांडे टिचकीला देते तो आवाज वेगळाच; त्यासाठी कोणी शब्द घडविण्याची तसदी घेतलेली दिसत नाही. हत्यार गेले की त्याचे नाव निदान कोशात राहते. त्याचा आवाज कोशात शिरण्यापूर्वीच जातो, कारण तो लिहून ठेवण्याजोगा आहे असे कोणाला वाटत नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत मात्र लोक अजून कान देतात. मृगाच्या सुमारास पावशा ओरडू लागतो तेव्हा मराठी शेतकऱ्याला तो ‘पेरते व्हा’ म्हणताना ऐकू येतो. हाच पक्षी हिंदी मुलखात ‘पी कहाँ’ असे विचारतो, आणि बंगालमध्ये ‘चोख गेलो’, डोळा गेला, म्हणून आक्रोश करतो. वैनगंगा बालाघाटकडून भंडाऱ्यात येते. तेव्हा तिच्या वरच्या काठावर विरहिणी आणि खालच्या काठावर शेतकरी, असा हा पक्षी एकाच आवाजात दोघांशी बोलत असतो. यास्काला यात अनुकरण दिसले असते, औपमन्यवांना ऐकणाऱ्याची गरज. धानाच्या मुलखात गरज कोणती, हे सांगायला नको.

पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाले. त्या धरणात पाणी अडू लागल्यापासून वैनगंगेचा मोठा पट्टा, पार भंडारा शहरालगतच्या कारधापर्यंत, फुगवट्याखाली आला आहे. उन्हाळ्यात पात्रातले खडक उघडे पडत, त्यांच्यामधून पाणी वाट काढत जाई आणि तोच आवाज पाठ्यपुस्तकातल्या ‘खळखळी’चा असे. आता तेथे वर्षातला बराच काळ पाणी उभे असते. नावेच्या कडेला ते हलके आपटते, काठच्या गाळात बुडबुडे येतात. उभ्या पाण्याच्या त्या आवाजाला प्रमाण मराठीत ‘डुबुक’ आणि ‘चुबुक’ असे शब्द आहेत, त्यांत ‘ळ’ नाही आणि ‘ण’ही नाही.